कुंभार, वारूळ आणि ईश्वर

कोसल देशातल्या सेतव्या नगरीचा अधिपती पायासी याला जीव नावाची काही चीज देहाबाहेर असते का, हे तपासून पाहायचे होते. त्यासाठी त्याने काढलेली युक्ती वाचताना आजही काटा येतो. देहदंड झालेल्या चोराला जिवंतपणीच रांजणात कोंबायचे, तोंड ओल्या कातड्याने बांधायचे, वर मातीचा जाड लेप द्यायचा आणि रांजण चुलाणावर चढवायचा. आतला माणूस मेल्याची खात्री झाली की रांजण उतरवायचा, तोंड हळूच किलकिले करायचे आणि जीव बाहेर पडताना दिसतो का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचे. जीव दिसला नाही. दुसऱ्या एका चोराला आधी जिवंत तोलले, मग गळा आवळून मारले आणि पुन्हा तोलले. जीव गेल्यावर वजन घटायला हवे होते, ते उलट वाढलेच. मरणाला टेकलेल्या नातलगांनाही पायासीने सांगून ठेवले होते की परलोक असलाच तर परत येऊन कळवा. कोणी आले नाही.

ही हकीकत पाली दीघनिकायातल्या पायासी सुत्तात आहे. कुमारकस्सप नावाचा भिक्खू पायासीच्या एकेका प्रयोगाला दृष्टान्ताने उत्तर देतो. नरकात पडलेल्याला परत यायची मुभा कोण देणार? पकडलेला चोर ‘जरा घरी जाऊन येतो’ म्हणाला तर मारेकरी सोडतील का? अशी ती उत्तरे. शेवटी पायासी शरण येतो. जैनांच्या रायपसेणीय ग्रंथातही जवळपास हीच गोष्ट आहे. तिथे राजाचे नाव पएसी आणि समजावणारे केशी श्रमण. दोन्हीकडे प्रयोग राजाचे आणि ग्रंथ त्याला हरवणाऱ्यांचे. दृष्टान्तांच्या तुलनेत प्रयोगच जास्त लक्षात राहतात, हा भाग निराळा.

भारतातल्या नास्तिकविचाराचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. लोकायतांचे, म्हणजेच चार्वाकांचे, मूळ सूत्रग्रंथ बृहस्पतीच्या नावावर सांगितले जातात, पण ते गेले. त्यांवर भाष्ये लिहिणाऱ्या पुरंदर, उद्भट यांची नावे उरली, पुस्तके नाहीत. जे काही हाती लागते ते खंडन करणाऱ्यांनी आधी उतरवून घेतलेल्या पूर्वपक्षातून. चौदाव्या शतकात विजयनगरच्या परिसरात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. त्यात चार्वाकाला पहिले प्रकरण मिळाले. तो मान नव्हता. दर्शनांची उतरंड रचताना सर्वांत खाली त्याला बसवायचे होते. कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक जो सर्वांच्या तोंडी बसला, तो याच ग्रंथामुळे. त्याच श्लोकाचा जुना पाठ जयंत भट्टासारख्या आधीच्या लेखकांकडे सापडतो आणि त्यात तूप नाही, कर्जही नाही. मरणाच्या तावडीतून कोणी सुटत नाही, एवढेच त्या जागी म्हटले आहे. विचारवंताचा खादाड कधी झाला, हे असे एका ओळीच्या पाठभेदातून कळते.

ईश्वराचा वाद मात्र पायासीच्या वादाहून वेगळा आणि उशिराचा. बुद्धाच्या काळातल्या संशयवाद्यांचा रोख परलोक, कर्मफल आणि आत्मा यांवर होता. संजय बेलट्ठिपुत्त तर कुठल्याच प्रश्नाला हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे, दोन्ही म्हणत नसे, दोन्ही नाही असेही म्हणत नसे. पाली ग्रंथ अशा लोकांना हातातून निसटणाऱ्या माशाची उपमा देतात. गंमत अशी की बुद्धाचे दोन अग्रशिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, आधी याच संजयाकडे होते. जगाला कर्ता आहे की नाही या प्रश्नावर रीतसर तर्काचा फड रंगला तो पुढे, न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांमुळे.

न्यायसूत्रांत ईश्वराला जागा मिळाली आहे ती जेमतेम तीन सूत्रांची, चौथ्या अध्यायात. माणूस कष्ट करतो, पण दर वेळी फळ मिळतेच असे नाही, तेव्हा फळ देणारा कोणी असावा, अशा आशयाची ती चर्चा. तीही सूत्रकार गौतमाचे स्वतःचे मत की दुसऱ्याचे, याबद्दल टीकाकारांतच दुमत. पुढे उद्द्योतकर, जयंत भट्ट, वाचस्पती मिश्र यांनी या रोपट्याचा वृक्ष केला. त्यांचे मुख्य अनुमान तोंडपाठ करण्याइतके आटोपशीर आहे. पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे. कारण ती कार्ये आहेत. जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. घट आणि कुंभार यांनी मग भारतीय तत्त्वज्ञानात शेकडो वर्षे मुक्काम ठोकला.

हे अनुमान ज्या वातावरणात मांडले जाई ते समजल्याशिवाय त्याची धार कळत नाही. वाद हा एक व्यवसाय होता आणि त्याला कडक नियम होते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले: सत्य शोधायचा तो वाद, जिंकायचे म्हणून करायचा तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे पाडत जायचे ती वितंडा. कुठे कोण हरला हे ठरवायला बावीस निग्रहस्थाने नोंदलेली होती. प्रतिज्ञा बदलली, गेला. उत्तर सुचले नाही, गेला. आपल्या पक्षात दोष आहे हे कबूल करून ‘तुझ्याही पक्षात तोच आहे’ म्हणाला, तरी गेला. (हा शेवटचा नियम आजच्या टीव्हीवरच्या चर्चांना लावला तर पडदा दहा मिनिटांत रिकामा होईल.) अशा सभेत ‘ईश्वर आहे, कारण माझी श्रद्धा आहे’ हे वाक्य कामाचे नव्हते. हेतू हवा, उदाहरण हवे, आणि हेतू जिथे आहे तिथे साध्य असतेच, ही व्याप्ती दाखवायला हवी.

व्याप्तीवरच धर्मकीर्तीने बोट ठेवले. सहाव्या-सातव्या शतकातला हा बौद्ध पंडित ‘प्रमाणवार्तिका’त विचारतो: मातीपासून झालेला घट कुंभाराने केला हे खरे. पण म्हणून मातीपासून झालेले सगळेच कुंभाराचे ठरवाल, तर वारूळही त्यानेच केले म्हणावे लागेल. वारूळ हे उदाहरण त्याने फार हुशारीने निवडले आहे. तेही मातीचे, त्यालाही आकार, आत दालने, वाटा. पण ते बघून कोणी कुंभाराच्या घरी चौकशीला जात नाही. घट बघितल्यावर आपण कुंभाराचे अनुमान करतो ते घट या विशिष्ट गोष्टीमागे कुंभार उभा असलेला आपण पाहिलेला असतो म्हणून. डोंगराच्या बाबतीत असे काही कोणी कधी पाहिले आहे? ‘रचना’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरता येतो, एवढ्यावर अनुमान उभे राहत नाही.

साधारण अकराशे वर्षांनी एडिंबराच्या डेव्हिड ह्यूमने याच जागी घाव घातला. जगाची घडण घड्याळासारखी कशावरून, एखाद्या वनस्पतीसारखी का नाही, असे त्याच्या संवादांतले एक पात्र विचारते. ह्यूमचे ते संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापले गेले, कारण हयातीत छापू नको असा मित्रांचा सल्ला होता. धर्मकीर्तीला असा सल्ला कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. निदान पंडितांच्या सभेत तरी ईश्वर नाकारणे ही लपवायची गोष्ट नव्हती.

ती फक्त बौद्धांचीही नव्हती. ईश्वराच्या अनुमानावर सर्वांत जड हत्यार चालवले ते वेदांच्या कट्टर रक्षकाने. कुमारिल भट्ट हा मीमांसक. बौद्धांचा जन्माचा वैरी, यज्ञाचा पक्षपाती. त्याच्या मते वेद कोणी रचलेले नाहीत, म्हणूनच ते प्रमाण. वेदांना कर्ता जोडला की त्या कर्त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे ईश्वर त्याला अडचणीचा. ‘श्लोकवार्तिका’त तो सरबत्ती करतो: जेव्हा काहीच नव्हते तेव्हा तो कर्ता कुठे उभा होता? त्याला शरीर होते की नाही? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? असेल तर ते शरीर कोणी केले? आणि दया म्हणून सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीआधी दया करायला दुःखी प्राणी होते कुठे? शिवाय दयाळूने केलेले जग इतके हालअपेष्टांचे का? यांतले शेवटचे दोन प्रश्न घेऊन कोणी आज गावच्या पारावर बसला तर त्याला नास्तिकच म्हणतील. कुमारिलाला तसे कोणी म्हटले नाही. तो वैदिकांचा वीर म्हणूनच गाजला.

नैयायिकही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. प्रतिवादी म्हणे, रानात आपोआप उगवलेले गवत बघा, ते कार्य आहे आणि त्याला पेरणारा नाही. नैयायिक म्हणे, त्यालाच तर कर्ता आहे की नाही याचा आपला वाद चालला आहे. वादातली वस्तू तुम्ही पुरावा म्हणून कशी आणता? प्रतिवादी म्हणे, सगळे कर्ते देहधारी दिसतात. नैयायिक म्हणे, तुम्ही हात उचलता तेव्हा तुमचा आत्मा तो हात हलवायला दुसरा हात वापरतो का? पहिले उत्तर चलाख आहे, दुसरे खरोखर विचारात पाडणारे.

या सगळ्या धुमाळीत एक माणूस असा निघाला की त्याने फडच उठवायचे ठरवले. जयराशी भट्ट, साधारण इ.स. ८००च्या आसपासचा. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाचा डाव वेगळा. ईश्वर सिद्ध करायला प्रमाण हवे, खोडायलाही प्रमाण हवे. पण प्रमाण म्हणजे काय, हे तुम्ही कशाच्या आधारावर ठरवले? प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे न चुकणारे ज्ञान, असे नैयायिक म्हणतो. ते चुकलेले नाही हे कसे कळले? इंद्रियांत दोष नव्हता म्हणून? इंद्रियांतला दोष इंद्रियांना दिसत नाही, आणि अनुमानाने काढायचा तर अनुमान स्वतःच प्रत्यक्षावर उभे. पुढे बाधक ज्ञान आले नाही म्हणून? मृगजळ बघून माणूस दुसऱ्या वाटेने निघून गेला किंवा वाटेतच मेला, तर बाधक ज्ञान येणारच नाही; म्हणून मृगजळ पाणी ठरेल का? अशा रीतीने तो नैयायिक, मीमांसक, बौद्ध, सांख्य, एकेकाची लक्षणे सोलत जातो. शेवटी म्हणतो की सगळी तत्त्वे उलथल्यावर रोजचे व्यवहार, त्यांवर विचार न करता, छानच चालतात. देवांचा गुरू बृहस्पती याच्याही बुद्धीला जे विकल्प सुचले नाहीत ते आपण मांडले, अशी फुशारकीही मारतो.

हा ग्रंथ कित्येक शतके कोणाच्या खिजगणतीत नव्हता. १९२६ साली गुजरातमधल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ भांडारात त्याची ताडपत्रावरची पोथी पंडित सुखलाल संघवी आणि पंडित बेचरदास दोशी यांच्या हाती आली. दोघे त्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात ‘सन्मतितर्क’ या जैन तर्कग्रंथाच्या संपादनात गुंतलेले होते. पोथीवर विक्रम संवत १३४९, म्हणजे इ.स. १२९२-९३ च्या सुमाराची नोंद. जैन साधूंनी ती जपली होती. जयराशीने जैनांनाही सोडले नव्हते, पण सभेत प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे तर त्याचा ग्रंथ जवळ हवा, हा हिशेब भांडारांनी पक्का धरला होता.

सुखलालजींचे या कामातले स्थान थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सौराष्ट्रात १८८० साली जन्मलेल्या या माणसाची दृष्टी ऐन सोळा-सतराव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. पुढचे सारे शिक्षण, काशीतला न्यायाचा अभ्यास, ऐकून झाले. ग्रंथ दुसऱ्याने वाचायचा, त्यांनी पाठ मनात ठेवून दुरुस्ती सांगायची. प्रत्यक्षावर विश्वास ठेवायला काय आधार, असा प्रश्न विचारणारा ग्रंथ अशा संपादकाने रसिकलाल परीख यांच्या साथीने शुद्ध केला आणि तो १९४० साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये ८७वा ग्रंथ म्हणून निघाला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांच्या अमदानीत १९१६ साली सुरू झालेली ही माला. महाराज १९३९ मध्ये वारले, ग्रंथ त्यानंतरच्या वर्षी आला. जयराशी चार्वाक म्हणायचा की कुठल्याच पंथात न बसणारा निखळ संशयवादी, यावर तेव्हापासून अभ्यासकांचे एकमत झालेले नाही.

संशयाची ही टोकाची तऱ्हा डोळ्यांपुढे असताना मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ईश्वराची बाजू लढवली. काळ दहाव्या शतकाचा उत्तरार्ध. त्यांच्या ‘लक्षणावली’वर शके ९०६, म्हणजे इ.स. ९८४ असे वर्ष निघते, जरी त्या वाचनाबद्दल मतभेद आहेत. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ईश्वराच्या अस्तित्वावरचा भारतातला सर्वांत मोठा स्वतंत्र तर्कग्रंथ मानला जातो. त्याची सुरुवातच मिस्कील आहे. उदयन म्हणतात, ज्याला कोणी ना कोणी, कुठल्या ना कुठल्या नावाने भजतेच, त्याच्याबद्दल शंका ती काय घ्यायची? सांख्य त्याला आदिविद्वान म्हणतात, बौद्ध सर्वज्ञ म्हणतात, मीमांसक उपास्य म्हणतात, चार्वाक लोकव्यवहारात ठरलेला म्हणतात, आणि सुतार-लोहारसुद्धा त्याला विश्वकर्मा म्हणून पूजतात. मग हा ग्रंथ कशाला? तर तर्काने मनन करणे हीसुद्धा उपासनाच. एवढे म्हणून ते पाच स्तबकांत, म्हणजे प्रकरणांत, पाच आक्षेपांचा समाचार घेतात.

तिसऱ्या स्तबकात चार्वाक उभा राहतो: जे दिसत नाही ते नाही. उदयन त्याला म्हणतात, असे असेल तर घराबाहेर पडल्यावर तुला बायकामुले दिसत नाहीत. तेव्हा ती नाहीतच असे धरून तू छाती बडवत रडायला हवे आणि घरी परतायला नको. विनोद तिथेच संपतो आणि खरा डाव सुरू होतो. संशयवादी म्हणतो, इथे धूर तिथे अग्नी असेल, पण दुसऱ्या देशात, दुसऱ्या काळी नसेल कशावरून? उदयन म्हणतात, दुसरा देश आणि दुसरा काळ तू पाहिलेला नाहीस. ते आहेत हे तू अनुमानानेच जाणलेस. शिवाय धूर हवा असेल तर तू शेवटी आगच पेटवतोस, भूक लागली की जेवतोस. तुझी शंका तुझ्याच वागण्याशी भांडायला लागली की तिथे तिची हद्द संपली.

बाराव्या शतकात कनौजच्या गाहडवाल दरबारातल्या श्रीहर्षाने उदयनांचा नेमका हाच श्लोक घेतला, त्यातले मोजके शब्द इकडचे तिकडे केले आणि उलटा करून परत दिला. विरोध आहे म्हणता तर ज्याचा विरोध आहे ती शंकाही आहेच. मग विरोध शंकेची हद्द कसा? ‘खंडनखंडखाद्य’ हा त्याचा ग्रंथ जयराशीच्या जातीचा आहे, पण लेखक अद्वैती. सगळी प्रमाणे पाडून झाली की ब्रह्म उरते, असा त्याचा हिशेब. संशयाचे शस्त्र आता वेदान्त्याच्या हातात होते. याच श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात चार्वाकाचे एक लांबलचक, झणझणीत भाषण आहे. त्याला देव उत्तर देतात, पण वाचकांच्या लक्षात जास्त राहते ते भाषणच. उदयनांनी श्रीहर्षाच्या वडिलांना सभेत हरवले होते आणि मुलाने तो सूड घेतला, अशी आख्यायिका पंडितांत आहे. काळाचे गणित पाहता ती जुळणे अवघड. जगन्नाथपुरीला दार बंद मिळाल्यावर उदयनांनी देवालाच सुनावले की बौद्ध आले म्हणजे तुझे अस्तित्व माझ्या हाती आहे, ही आख्यायिका त्याहून लाडकी. ‘न्यायकुसुमांजली’चा शेवट मात्र आख्यायिका नाही. तिथे उदयन प्रार्थना करतात की इतक्या युक्तिवादानंतरही ज्यांच्या मनात तू शिरला नाहीस ती मने लोखंडाची खरी. पण तुला खोडण्यासाठी का होईना, त्यांनी तुझेच चिंतन केले आहे, तेव्हा यथाकाल त्यांनाही तार.

छापखान्याच्या काळात या फडातल्या दोन बाजूंचे नशीब सारखे नव्हते. ‘कुसुमांजली’ १८६४ साली कोवेलच्या इंग्रजी भाषांतरासह कलकत्त्याला छापून झाली होती. कुमारिलाचे ‘श्लोकवार्तिक’ काशीला निघाले ते शतक संपता संपता. बौद्धांच्या बाजूचा शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ बडोद्याला १९२६ मध्ये, ‘प्रमाणवार्तिका’च्या संस्कृत पोथ्या राहुल सांकृत्यायनांनी तिबेटमधून १९३० च्या दशकात शोधून आणल्या, आणि जयराशी १९४० मध्ये.

या उशिराचा फटका महाराष्ट्रातल्या वादालाही बसला. गोपाळ गणेश आगरकरांनी पुण्यात १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि १८९५ साली ते वारले. ‘देवतोत्पत्ती’सारख्या निबंधात त्यांनी देवकल्पनेची उलटतपासणी केली ती मिल आणि स्पेन्सर यांच्या बळावर. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि हे विलायती वेड आहे असा ओरडा केला. त्या ओरडणाऱ्यांना कुमारिलाचा सृष्टिकर्त्यावरचा हल्ला दाखवायला हवा होता, पण तो अजून छापील पुस्तकाच्या रूपात बाजारात नव्हता. पुढची पिढी या बाबतीत नशीबवान. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ स्वतःच्या संस्कृत टीकेसह १९२४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेतून काढला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९२३ साली कलकत्त्याला न्यायशास्त्राची तर्कतीर्थ पदवी मिळवली, म्हणजे ज्या शास्त्राने ईश्वर सिद्ध केला त्याच शास्त्राची. पुढे त्यांनी ‘जडवाद’ लिहिला, हिंदुधर्माची समीक्षा केली, मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर काम केले. त्यांना परका ठरवणे आगरकरांइतके सोपे गेले नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण ही भाषा ते समोरच्या शास्त्र्यापेक्षा चांगली बोलत.